घड्याळ चौकातला रिकामा खिळा

१

सोमवारी सकाळी मंडईच्या हॉलमध्ये एक खिळा रिकामा दिसला आणि मंगल मटकन खाली बसली.

"वकीलताई, फोटो न्ह्येला वो कुनीतरी," ती म्हणाली. हातातल्या परडीत ताजा हार तसाच होता.

आधी फोटोचं सांगते. जुन्नरच्या आमच्या घड्याळ चौकात इंग्रजांच्या काळातली दगडी मंडई आहे. तिच्या डोक्यावरचं घड्याळ माझ्या जन्माआधीपासून बंद आहे. समोरच्या माडीवर धर्माजी फोटोवाल्यांचा स्टुडिओ. लग्नाचे, शाळेचे, पासपोर्टचे फोटो काढून धर्माजींनी पोट भरलं. पण रविवारच्या बाजारी गॅलरीत उभं राहून चौकाचा एक तरी फोटो काढायचाच, हे वेड त्यांनी जन्मभर सांभाळलं. तेही कुणाला न सांगता. "फोटो काढतो म्हटलं की मानूस लगीनघरातला व्हतो," असं त्यांचं म्हणणं. टांगे, कल्हईवाला, झाडाखाली केस कापून घेणारी पोरं, कोथिंबिरीवरून जुंपलेल्या बाया, सगळा चौक त्यांच्या फोटोंत आहे. आम्ही चारचौघांनी मिळून शनिवारपासून त्या फोटोंचं प्रदर्शन मंडईच्या हॉलमध्ये मांडलं होतं.

गेलेला फोटो त्यांतलाच, पण तो गॅलरीतून काढलेला नव्हता. गॅलरीच्या फळ्या बदलायचं काम निघालं होतं म्हणून त्या रविवारी धर्माजी खाली रस्त्यावर उतरले होते. त्यामुळं एरवी कडुलिंबाआड लपणारी साळुबाई फुलवाली त्यात अगदी समोर आली होती. मांडीवर परडी, दातात दोरा, बोटांत झेंडू. तिच्या मागं पोपटलाल शेठच्या कापडदुकानाची पाटी आणि ओट्यावर लोडाला टेकलेले ऐन तारुण्यातले शेठ. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि तारीख.

साळुबाई ही मंगलची सासू. ती वारली तेव्हापासून तिच्या जागेवर मंगल बसते. आता चौकाचं सुशोभीकरण निघालंय. जुन्या काळापासून बसणाऱ्यांना चौकातच जागा मिळणार, बाकीच्यांची रवानगी नदीकाठच्या पटांगणात, जिथं फुलं घ्यायला कुत्रंही फिरकणार नाही. मंगलकडं पुरावा म्हणाल तर हा एकच फोटो. त्याची मोबाईलवरची नक्कल मी नगरपालिकेतल्या सुनावणीच्या साहेबांना दाखवली होती. साहेब म्हणाले, "आजकाल मोबाईलवर काहीही बनवता येतं, वकीलबाई. मूळ फोटो आणा, शिक्क्यासकट." निगेटिव्ह मागावी तर ती बुरशीनं कधीच खाल्लेली. पुढची सुनावणी त्याच सोमवारी दुपारी होती. जाता जाता भिंतीवरून फोटो उतरवून न्यायचा, असा माझा शहाणपणाचा बेत होता.

मी हॉलभर नजर फिरवली. बाकी सगळे फोटो जागच्या जागी होते. रिकाम्या खिळ्याशेजारी चिमाजी टांगेवाल्याचा फोटो, त्याला झेंडूचा हार, कालचा, जरा सुकलेला. खिळ्याखाली दोन कबुतरं फरशीवर काहीतरी टिपत होती. मी फाइल आपटून त्यांना हाकललं.

"काल संध्याकाळपत्तुर व्हता," मंगल सांगत होती. "पित्तराचं दिवस हायेत, म्हनून काल सकाळीच सासूबाईस्नी हार घातला मी. दुपारी येऊन बघते तर हार खाली काढून ठेवल्याला. संध्याकाळी परत घातला. आज ताजा घेऊन आले, तर फोटूच न्हाई."

ती रडायला लागली. मला रडणारं माणूस बघितलं की राग येतो. खरं म्हणजे रडू येतं, पण वकिलाला रडून चालत नाही.

"ऊठ," मी म्हणाले. "कुणी नेला ते मला ठाऊक आहे."

२

मला ठाऊक होतं असं मला वाटत होतं. पोपटलाल शेठचा मुलगा जिनेश, माझ्याच वर्गातला. फुलांच्या टोपल्यांमुळं दुकानात शिरायला अडचण होते, अशी हरकत त्यानं लेखी घेतली होती. शेठ दुकानात बसायचे तोवर असं काही निघालं नव्हतं. गेल्या आठवड्यापासून शेठ दिसत नव्हते आणि पोरानं लगेच हातपाय पसरले, असा माझा हिशेब.

पण कोर्टात नुसत्या हिशेबाला कुणी विचारत नाही, साक्षीदार लागतो. म्हणून मी आधी हॉलचे राखणदार गेणभाऊ यांना गाठलं.

"कुलूप कुणी काढलं?"

"म्याच. सकाळी झाडून घेतलं, आन मंग समोरच्या टपरीवर च्या प्यायला गेलो."

"दार उघडं टाकून?"

"ताई, फोटू हायेत, सोनं न्हाई. आन टपरीवरनं दार दिसतंय की."

"मग कोण आत गेलं?"

"कोनी न्हाई."

"गेणभाऊ, फोटो पाय फुटून गेला का?"

"परकं मानूस कोनी फिरकलं न्हाई," ते ठासून म्हणाले. "डोळं फुटल्यात व्हय माझं? कबुतरं तेवढी आत शिरली आसतील. अंगनात दानं पडत्यात रोज, त्येच्यासाठी येत्यात."

मला कबुतरांत रस नव्हता. मी पायऱ्या उतरले तर समोर ऋतिक, बुलेटला टेकून. ऋतिक आमच्या एका स्थानिक पुढाऱ्याचा उजवा हात, निदान तो तसं समजतो. मंगलच्या जागेवर त्याला मेहुण्याची ज्यूसची गाडी लावायची होती, हे चौकातल्या गाढवालाही माहीत होतं.

"काल हॉलमध्ये आला होतास ना?" मी सरळ विचारलं.

"आलतो की. रील काढायला."

"आणि आज फोटो गेला."

तो हसला. "ताई, मला चोरी कशापायी करावी लागतीय? आमी साहेबांना सरळ भेटतो. वजन हाय आपलं." मग मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "ते सोडा, हे बघा. तो टांगेवाला आजोबा लई भारी हाय राव. मिशा काय, चाबूक काय. कालपासनं व्हायरल झालाय. कुठं ऱ्हात्यात वो ते? एक मुलाखत घ्यावी म्हनतो."

चिमाजी टांगेवाल्याच्या मिशा त्याच्या मोबाईलवर चमकत होत्या. फोटो स्वच्छ आला होता, फ्रेमच्या चारही कडा मोकळ्या. चिमाजी वारला तेव्हा ऋतिक पाळण्यातसुद्धा नसेल. मी त्याला पत्ता सांगितला नाही.

ऋतिकला लबाडी येते, पण त्याची लबाडी पुढच्या दारानं येते, हार घालून आणि फटाके वाजवून. फोटो उचलून गुपचूप नेणं त्याला सुचणारही नाही. राहिला जिनेश.

३

जिनेश गिऱ्हाइकासाठी परकराचं कापड फाडत होता. मी आत शिरले तेव्हा त्यानं मान वर केली आणि कापड तिरकं फाटलं. गिऱ्हाईक बाई ओरडली. तीन पिढ्यांचा कापडवाला, याचं कापड तिरकं फाटावं म्हणजे नवल होतं. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

"फोटो कुठंय, जिनेश?"

"कुठला फोटो?"

"साळुबाईचा. ज्याच्यावर मंगलची जागा अवलंबून आहे. ज्याच्या मागं तुझ्या दुकानाची पाटी आहे. अजून खुणा सांगू?"

"स्नेहल, मी प्रदर्शन बघायलासुद्धा आलेलो नाही."

"खरंच. जुन्नर अख्खं येऊन गेलं, आणि समोरच्या दुकानातला माणूस आला नाही. का बरं?"

त्यानं फाटलेलं कापड गुंडाळायला घेतलं. डोळे सुजल्यासारखे दिसत होते. मी आणखी जोर लावला. "तुझे बापूजी असते तर त्यांनी ही हरकत घेऊ दिली असती का? त्यांनाच विचारते. आहेत कुठं?"

"पालिताण्याला गेलेत. यात्रेला." हे मात्र तो पाठ केल्यासारखं पटकन म्हणाला.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. नाव बघून त्याचा चेहरा उतरला आणि तो मागच्या गोदामात निघून गेला. मी त्याच्या मागं जाणार, इतक्यात आतल्या दारात झमकूबाई काकी उभ्या राहिल्या. जिनेशची आई. माझं लहानपण याच गल्लीत गेलं. परीक्षेला जाताना त्यांच्या हातचं दही खाल्ल्याशिवाय मी कधी गेले नाही.

"ओरडू नकोस गं पोरावर," त्या म्हणाल्या. "आत ये. चहा घे."

आत त्यांचं जेवणाचं ताट मांडलं होतं. कोरडी भाकरी आणि नुसते उकडलेले मूग. तेल, तूप, मीठ कशाचाच पत्ता नाही.

"काकी, हे काय? डॉक्टरनं सांगितलं का?"

"आयंबील आहे," त्या म्हणाल्या. जैनांचं हे बिनमिठाचं व्रत मला माहीत होतं, पण त्याची ओळी, म्हणजे नऊ दिवसांचा नेम, येते चैत्रात आणि आश्विनात. भाद्रपदात कुणी ते करतं ते काही मागणं असलं तर. तेव्हा मी तिकडं लक्ष दिलं नाही. चहा घेतला, खुंटीवरची पिशवी डोक्याला लागली म्हणून बाजूला सारली. पिशवीत ज्वारी होती, थोडी खाली सांडली.

"काकी, मंगलची जागा गेली तर ती नदीकाठी बसणार. तिथं तिची फुलं कोण घेणार?"

काकींनी ताट बाजूला सरकवलं. "तिचं वाईट व्हावं असं या घरात कुणाच्याच मनात नाही," त्या म्हणाल्या.

जिनेशच्या बाबतीत माझा विश्वास बसला नसता. काकींवर बसला, आणि तिथंच माझी पंचाईत झाली.

४

मी हॉलमध्ये परत आले तेव्हा बारा वाजून गेले होते. धर्माजी रिकाम्या खिळ्यासमोर स्टूल टाकून बसले होते. त्यांच्या उभ्या जन्माच्या कामातला एक तुकडा चोरीला गेला होता आणि म्हातारा चिडलेला नव्हता.

"पोरी, कुनी फोटू इकत न्हाई घेतला माझा कधी. चोरला म्हंजे त्याला लईच आपला वाटला आसंल," ते म्हणाले.

"तुम्हाला गंमत वाटते. मंगलची जागा चाललीय."

"तुला त्यात काय दिसलं?"

"साळुबाई. पाटी. शिक्का."

"म्या साळुबाईचा न्हवता काढला. चौकाचा काढला व्हता."

मी मोबाईलमधली नक्कल उघडली. महिनाभर मी तो फोटो वकिलाच्या डोळ्यांनी बघत होते. जागा कुठली, पाटी कुठली, तारीख कुठली. माणसं बघायची राहूनच गेली होती. आता बघितलं. साळुबाई फोटोच्या खालच्या अंगाला आणि बरोबर तिच्या डोक्यावर, फोटोच्या मधोमध, पोपटलाल शेठ. फ्रेमला हार घातला तर तो कुणाच्या गळ्यात पडेल?

माझी नजर शेजारी गेली. "धर्माजी, चिमाजीला हार तुम्ही घातला?"

"न्हाई बा. काल न्हवता त्याला."

काल नव्हता. ऋतिकच्या मोबाईलवर चारही कडा मोकळ्या होत्या. म्हणजे हा हार साळुबाईच्या फोटोवरचा. फोटो नेणाऱ्यानं तो आधी काढला आणि चिमाजीला घातला. पुरावा नाहीसा करायला आलेला माणूस हार काढत बसेल कशाला? उचलेल आणि चालता होईल. हा हार ज्यानं काढला त्याला हारच नको होता. आणि देवाधर्माची वस्तू फेकवत नाही म्हणून त्यानं ती अशा माणसाला घातली, जो नक्की मेलेला आहे. ऋतिकला तर चिमाजीची मुलाखत घ्यायची होती. मेलेलं कोण आणि जिवंत कोण हे चौकातल्या जुन्या माणसालाच माहीत.

आमच्याकडं फोटोला हार म्हणजे माणूस गेला. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातलेला बघवत नाही, आणि तो माणूस आजारी असला तर विचारूच नका. पण शेठ तर पालिताण्याला, धडधाकट.

पलीकडच्याच भिंतीवर एक फोटो होता. एस.टी.तून उतरणारी झमकूबाई काकी, हातात प्रसादाचा डबा, भोवती आम्ही पोरं हात पसरून. ती हात पसरलेली दोन वेण्यांची मुलगी मीच. प्रसाद दरवर्षी कधी यायचा? थंडी पडली की. कार्तिकी पुनवेनंतर. कारण चातुर्मासात पालिताण्याच्या डोंगराची यात्रा बंद असते, हे काकींनीच आम्हाला सांगितलं होतं, "पावसाळ्यात का नाही आणत?" म्हणून मी हट्ट केला तेव्हा. आणि आत्ता भाद्रपद चालला होता.

मी खाली वाकले. रिकाम्या खिळ्याखाली, कबुतरांच्या चोचीतून सुटलेले ज्वारीचे दाणे फरशीच्या फटीत होते. दाणे अंगणात टाकतात. हॉलच्या आत, भिंतीच्या कडेला ते सांडतात कधी? पिशवीत काही मोठं घालताना. गेणभाऊ खोटं बोलले नव्हते. परकं माणूस कुणीच आलं नव्हतं. रोज सकाळी दाणे टाकायला येणारी म्हातारी त्यांच्या हिशेबात माणसांत नव्हती, मंडईच्या खांबांत होती.

मी धर्माजींना काही न सांगता दुकानाकडं पळाले.

५

काकी ताटासमोर तशाच बसल्या होत्या. मी शेजारी बसले. या वेळी आवाज चढवला नाही.

"काकी, काकांना कुठल्या दवाखान्यात ठेवलंय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मग उठून कपाट उघडलं. देवाच्या तसबिरीखाली नव्या कोऱ्या मलमलीत गुंडाळलेली फ्रेम होती.

"पुण्यात आहेत. थोरली लेक त्यांच्याजवळ आहे," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी छाती उघडणार आहेत त्यांची. जाताना निक्षून सांगून गेले, चौकात कुणाला कळू द्यायचं नाही. म्हणे, चौकाला आजार कळला की माणूस निम्मा मेला. म्हणून जिनेशनं दुकान चालू ठेवलं, मी दाणे टाकत राहिले. रविवारी सकाळी दाणे टाकले आणि सहज हॉलमध्ये डोकावले. आपल्या चौकाचे फोटो बघावे म्हटलं. तर माझ्या माणसाच्या गळ्यात हार."

"तो साळुबाईला घातला होता, काकी."

"मला कळत नाही का गं? कळून काय करू?" त्या रडत होत्या. "हार काढून खाली ठेवला. संध्याकाळी गेले, तर पुन्हा घातलेला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आज उचलूनच आणला. जिनेशला माहीत नाही. त्याला बोलू नकोस, तो आधीच अर्धा झालाय."

"हा फोटो मला आत्ता लागेल. तीन वाजता सुनावणी आहे."

काकींनी फ्रेम छातीशी धरली. सत्तरीची बाई, हातांच्या शिरा उभ्या राहिलेल्या. "उद्यापर्यंत राहू दे. त्यांचं ऑपरेशन नीट होऊ दे. मग तू म्हणशील तिथं येऊन मी चोरी कबूल करते. आज हा फोटो चारचौघांत जायला नको. माझं मन नाही धजत."

कायदा माझ्या बाजूनं होता. हात पुढं करून फ्रेम घ्यायची, एवढंच काम. मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले, आणि काकींच्या ताटातले मूग गार झालेत एवढंच त्यांना सांगून बाहेर पडले.

आता मंगलला काय सांगायचं?

६

मंगलला खरं ते सांगितलं. ती कडुलिंबाखाली बसून ऐकत राहिली. हातातला गजरा अर्धाच राहिला.

"म्हंजे म्याच की वो," ती अखेरीस म्हणाली. "जित्या मानसाच्या गळ्यात हार म्याच घातला."

"तुला माहीत नव्हतं."

"फुलवाली हाय मी. हार घालताना बघाया नको, कोन कोन हाय त्यात? मी नुसती सासू बघितली."

"मीही नुसती तुझी सासूच बघितली. ते जाऊ दे. तू काकींकडं जा आणि फोटो माग. तू मागितलास तर त्या देतील."

"न्हाई."

"मंगल, जागा जाईल."

"जाऊंदे. शेट घरी येऊंद्यात आधी." तिनं फुलांवर ओलं फडकं टाकलं आणि उठली. "तुमी व्हा म्होरं. मी येते."

मी संतापले. वकिलानं जिवाचं रान करायचं आणि अशिलानं उदार व्हायचं, हा कुठला न्याय? पण रागावून जाणार कुणावर? एक बाई नवऱ्यासाठी फोटो सोडत नव्हती, आणि दुसरी त्याच माणसासाठी तो मागत नव्हती.

सुनावणीत मी रिकाम्या हातानं उभी राहिले. साहेबांनी मंगलचं नाव पुकारलं. जिनेश हरकतदार म्हणून मागच्या बाकावर, मोबाईल मुठीत धरून. ऋतिक दाराशी, मिशीला पीळ देत. मंगल माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, डोळे लाल.

"मूळ फोटो?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, दोन दिवसांची मुदत..."

"वकीलबाई, आज शेवटचा दिवस आहे, तुम्हाला माहीत आहे." त्यांनी पेन उचललं.

"फोटो माझ्याकडं आहे."

सगळ्यांनी मागं बघितलं. झमकूबाई काकी दारात होत्या. जिनेश "बाई!" म्हणून ताडकन उठला, तो आईला बाई म्हणतो. काकींनी त्याला हातानं खाली बसवलं, पुढं आल्या आणि मलमलीत गुंडाळलेली फ्रेम टेबलावर ठेवली. मलमल त्यांनी स्वतःच सोडली.

"मी चोरला होता," त्या साहेबांना म्हणाल्या. "का, ते घरचं आहे. आत्ता ही मंगल मागच्या दारी आली होती. मला वाटलं फोटो मागेल. तिनं माझ्या पायावर डोकं ठेवून माफी मागितली आणि निघून गेली. फोटोचं नावसुद्धा काढलं नाही. मग घरात बसवेना मला."

साहेबांनी फ्रेम उलटी केली, शिक्का बघितला, तारीख वाचली. "पण आजी, अडचण होते अशी हरकत तुमच्याच दुकानाची आहे."

"साहेब, मी राजस्थानातून लग्न होऊन आले तेव्हा मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. घरची सगळी कामाला गेली की मी ओट्यावर भेदरून उभी असायची. तेव्हा ही साळुबाई म्हणाली, 'बस की गं माझ्यापाशी.' या चौकात मला पहिल्यांदा बस म्हणणारी ती. तिच्या सुनेला आमच्या घरातून कुणी ऊठ म्हणणार नाही."

साहेबांनी जिनेशकडं बघितलं.

जिनेश उठून उभा राहिला. "हरकत मागं घेतो," तो म्हणाला. "बापूजी दवाखान्यात आहेत, साहेब. ते घरात नसताना मी घेतलेली हरकत आहे ती. त्यांना कळलं तर तोंड दाखवता यायचं नाही."

साहेबांनी मंगलचं नाव लिहून घेतलं. ऋतिक कधी गेला, कुणालाच कळलं नाही. मी मात्र तिथंच, सगळ्यांसमोर, वकिलाच्या कोटात, ढसाढसा रडले.

७

ऑपरेशन नीट झालं. आणि पोपटलाल शेठना ज्याची भीती होती तेच झालं. शेठ खाटेवर उठून बसायला लागल्याचं कळताच चौक पुण्याला निघाला. गेणभाऊ आले, धर्माजी काठी टेकत आले, आळे गावचा भाजीवाला आला, माझं तर सोडाच. दवाखान्याची नर्स म्हणाली, एका वेळी दोघंच. आम्ही मान डोलावली आणि सगळे आत गेलो.

शेठ सुकले होते. छातीला पट्टे, नाकात नळी. त्यांनी एकेक चेहरा बघितला आणि जिनेशला म्हणाले, "सांगू नका म्हटलं होतं ना."

"मी आधी नाही सांगितलं, बापूजी. बाईनं सांगितलं."

शेठनी काकींकडं बघितलं. काकी खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. आयंबील त्यांनी आदल्याच दिवशी सोडलं होतं.

मंगल दाराशी उभी होती. पुढं यायचं तिला धाडस होत नव्हतं. मोकळ्या हातानं आली होती, फुलवाली असून एक कळीही आणली नव्हती. शेठनी तिला बोटानं जवळ बोलावलं.

"जागेचं काय झालं गं?"

"मिळाली, शेट. हाय तितंच."

"पक्की?"

"पक्की. काकीनं मिळवून दिली."

शेठनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, दमले. नर्स पुढं झाली. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि मंगलकडं असं बघितलं, जसं ओट्यावरून फुकट्या गिऱ्हाइकाकडं बघायचे.

"आज वार कुठला?"

"आयतवार."

"रविवार. बाजाराचा दिवस. आणि तिथं तुझ्या जागेवर कोण बसलंय?"

"कोनी न्हाई. तुमाला बघायला आले ना मी."

शेठ कोपरावर उठायला निघाले. नर्सनं आणि जिनेशनं दोन्हीकडून दाबून झोपवलं. "अगं मग इथं काय करतेस?" ते धापा टाकत म्हणाले. "बाजारच्या दिवशी जागा रिकामी टाकून येतात का कधी? जा आधी. बस जाऊन. जिनेश, हिला पहिल्या एस.टी.त बसवून दे."

मंगल हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते. पण ती गेली. जिनेश तिला स्टँडवर सोडून आला तेव्हा शेठनी त्याला एवढंच विचारलं, गाडी सुटली का?